इंग्लंडची जुनी गावं कशी बघावीत: बेत, बस, बिऱ्हाड आणि बाकीचं

माझ्या आत्याने इंग्लंडमधलं पहिलं खेडं पाहिलं ते चाळीस मिनिटांत. लंडनहून निघालेल्या एका टूरच्या बसने तिला बायबरीत उतरवलं, गाइडने मनगटावरचं घड्याळ दाखवलं आणि सगळे एका दगडी घरांच्या ओळीसमोर फोटोसाठी गोळा झाले. चाळीसपैकी पंधरा मिनिटं स्वच्छतागृहाच्या रांगेत गेली. रात्री स्विंडनला आमच्या घरी जेवताना ती म्हणाली, "छान होतं रे. पण गाव बघायचं राहिलंच."

मी इथे बरीच वर्षं राहतोय. त्या रात्रीनंतर पुण्या-नाशिकहून येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याचा खेड्यांचा बेत मीच आखतो आणि त्यात एकच नियम पाळतो: गावं कमी, रात्री जास्त. सकाळी साडेदहा ते दुपारी चार ही वेळ टूरवाल्यांची. त्याच्या आधीचं आणि नंतरचं गाव मुक्कामाला राहिलेल्याचं. चार रात्री असतील तर दोन गावं पुरेत. तीन केलीत तर एक दिवस बॅगा उचलण्यातच जातो.

पायरी १: गाव जुनं का राहिलं, ते आधी विचारा

"सर्वात सुंदर दहा गावं" अशा याद्या इंटरनेटवर ढिगाने मिळतात. त्यांचा उपयोग फारसा होत नाही, कारण फोटोत सगळी सारखीच दिसतात. त्यापेक्षा प्रश्न असा विचारा: बाकीचं इंग्लंड बदललं, मग हेच का नाही बदललं?

पेठेतला वाडा पडतो तो जागेचा भाव वाढतो म्हणून. भाव वाढलाच नाही तर वाडा उभा राहतो. इंग्लंडमध्येही तसंच झालं. जी गावं श्रीमंतच राहिली त्यांनी जुनी घरं पाडून नवी बांधली. जी आज जशीच्या तशी दिसतात, त्यांतल्या काहींचा पैसा अचानक आटला आणि काही एकाच मालकाच्या मुठीत राहिली. सफोकमधलं लॅवनम पहिल्या प्रकारचं, विल्टशरमधलं लेकॉक दुसऱ्या. तिसरा प्रकार संकटाने नाव झालेल्या गावांचा: डर्बीशरमधलं ईम, डॉर्सेटमधलं टाइनम. पहिल्यांदा येणाऱ्याने लेकॉक आणि लॅवनम ही जोडी घ्यावी. दोन्हीकडे लंडनहून गाडी न चालवता जाता येतं आणि दोन्ही एकमेकांपासून इतकी वेगळी आहेत की दुसऱ्या गावात पहिल्याचा कंटाळा येत नाही. मँचेस्टर किंवा शेफील्डकडे कोणी नातेवाईक असतील तर ईम.

उच्चार आधी पाठ करा. Eyam हे स्पेलिंग बघून "एयाम" म्हणालात तर बसचा ड्रायव्हर तुमच्याकडे बघतच राहील; ते "ईम". Lavenham मधला शेवटचा "हॅम" गिळायचा, ते "लॅवनम".

पायरी २: महिना आणि वार

मे-जून किंवा सप्टेंबर. एप्रिलअखेर ते मेच्या मध्यापर्यंत जंगलात ब्लूबेलची निळी फुलं असतात. जूनमध्ये नऊ वाजून गेल्यावरही उजेड असतो, म्हणजे जेवूनसुद्धा गावातून चक्कर मारता येते. जुलैच्या शेवटच्या आठवड्यापासून सप्टेंबर उजाडेपर्यंत इथल्या शाळांना सुटी असते. तेव्हा गर्दीही जास्त आणि भाडंही. डिसेंबरमध्ये चार वाजताच अंधार पडतो आणि छोटी संग्रहालयं बहुतेक बंद असतात. पण लॅवनमसारख्या गावात धुक्यातल्या संध्याकाळीही मजा आहे, फक्त अपेक्षा कमी ठेवा.

वार म्हणाल तर रविवार ते गुरुवार. शनिवारची रात्र सगळ्यात महाग, आणि पुष्कळ ठिकाणी शुक्रवार-शनिवार मिळून दोन रात्री घेतल्याशिवाय खोली देत नाहीत. रविवारी मात्र बसचा प्रश्न येतो, तो पुढे.

भारतातून येणार असाल तर व्हिसा लागतो हे सांगायला नको. तो हातात पडेपर्यंत परत न मिळणारं बुकिंग करू नका.

पायरी ३: गाडी की बस?

आपण डावीकडूनच चालवतो, आणि इंग्रजीत छापलेल्या भारतीय लायसन्सवर इथे आल्यापासून बारा महिने गाडी चालवता येते. त्यामुळे भाड्याची गाडी घेणं सोपं वाटतं. वाटतं तेवढं नाही. आत जाणारे रस्ते एकाच गाडीच्या रुंदीचे, दोन्ही बाजूंना माणसाच्या उंचीची कुंपणं. समोरून ट्रॅक्टर आला की जवळची रुंद जागा गाठेपर्यंत तुम्हालाच मागे जावं लागतं. पांढऱ्या गोलात काळी तिरपी रेघ असलेली पाटी म्हणजे अशा रस्त्यावर ताशी ६० मैलांची कमाल मर्यादा. तेवढ्या वेगाने जा असा त्याचा अर्थ नाही. माझ्या मेहुण्याने तो तसाच घेतला होता आणि माझी बहीण अजून त्यावरून त्याला बोलते.

गाडी घ्यायचीच असेल तर लंडनमध्ये घेऊ नका. रेल्वेने चिपनम किंवा बाथपर्यंत जा, तिथून घ्या. ऑटोमॅटिक हवी असेल तर आधीच सांगा. न सांगता गेलात तर गिअरचीच मिळेल.

रेल्वेचं तिकीट काही आठवडे आधी काढलं तर बरंच स्वस्त पडतं. दोघं सोबत फिरणार असाल तर टू टुगेदर रेलकार्ड घ्या. दोघांच्याही तिकिटावर एक तृतीयांश सूट मिळते, पण सोमवार ते शुक्रवार सकाळी साडेनऊच्या आधीच्या गाड्यांना ते चालत नाही. बसच्या एकेरी भाड्याला इंग्लंडमध्ये जानेवारी २०२५ पासून बऱ्याच मार्गांवर ३ पौंडांची मर्यादा आहे. निघण्यापूर्वी ती चालू आहे का ते बघून घ्या.

रविवारी खेड्यातली बस एकतर नसते किंवा दोन-तीनच असतात. शनिवारीसुद्धा शेवटची बस सहाच्या आसपास निघून जाते. मी एकदा लॅवनमच्या चौकात चहा पीत बसलो आणि ती समोरून गेली. फोनवरच्या ॲपने बोलावायची टॅक्सी या भागात मिळत नाही. गावातल्या टॅक्सीवाल्याला आदल्या दिवशी फोन करून ठेवावा लागतो. त्या दिवशी पबमधल्या बाईंनी कोणाला तरी फोन लावून माझी सोय केली, पण भाड्याचा आकडा मी घरी सांगितला नाही.

पायरी ४: बिऱ्हाड

तीन पर्याय आहेत: पबच्या वरची खोली, बी अँड बी (कोणाच्या तरी घरातली खोली आणि सकाळचा नाश्ता), नाहीतर अख्खं कॉटेज. चार-सहा जण असाल आणि पोळी-भाजीशिवाय चालत नसेल तर कॉटेज बरं. उन्हाळ्यात ते बहुधा पूर्ण आठवड्यासाठीच देतात. दोघंच असाल तर बी अँड बी. मालकीण सकाळच्या नाश्त्याला तुमच्याशी बोलते, आणि कुठल्या शेतातून वाट जाते, कुठल्या पबचं स्वयंपाकघर सोमवारी बंद असतं, हे तिच्याकडूनच कळतं.

बुक करताना एवढं विचाराच. जिना किती उभा आहे? चारशे-पाचशे वर्षांच्या घरात लिफ्ट नसते, आणि काही जिने आपल्या वाड्यांतल्या माळ्याच्या जिन्यासारखे असतात. बाथरूम खोलीला लागून आहे का? आणि दुपारी किती वाजता खोली मिळेल? बहुतेक ठिकाणी तीन-चारच्या आधी मिळत नाही, पण सामान ठेवून घेतात. दारांची चौकट बुटकी असते. आमच्या बाबांनी पहिल्या दिवशी दोनदा कपाळ आपटलं, तिसऱ्या दिवसापासून ते घरी परतल्यावरही वाकून आत जायला लागले.

पायरी ५: लेकॉक, दोन रात्री

लंडनच्या पॅडिंग्टनहून चिपनम साधारण सव्वा तास. तिथून मेल्कशमकडे जाणारी बस पंधरा-वीस मिनिटांत लेकॉकला सोडते. दुपारी तीन-चारला पोचा, सामान टाका आणि पाचनंतर बाहेर पडा.

गाव म्हणजे चौकोनात बसवलेले चार रस्ते: हाय स्ट्रीट, वेस्ट स्ट्रीट, चर्च स्ट्रीट, ईस्ट स्ट्रीट. सावकाश चाललं तरी वीस मिनिटांत फेरी होते, म्हणून सावकाश चाला. आधी वर बघा: छपरांवर टीव्हीचे अँटेना दिसत नाहीत, विजेच्या तारा दिसत नाहीत. मग भिंती बघा. चर्च स्ट्रीटवर एका घराच्या बाजूच्या भिंतीत दोन वाकडे ओंडके खालून वर जाऊन टोकाला एकमेकांना टेकलेले दिसतील, उलट्या व्ही अक्षरासारखे. नैसर्गिकरीत्या वाकलेलं झाड मधोमध चिरून त्याचे दोन अर्धे समोरासमोर उभे करायचे, ही इथली जुनी पद्धत. त्या सांगाड्यावर छप्पर टेकतं, भिंत म्हणजे मधली नुसती भर. ईस्ट स्ट्रीटला चर्चला द्यायच्या दशमांशाचं धान्य साठवण्याचं चौदाव्या शतकातलं कोठार आहे. त्याला लागूनच खिडकी नसलेली एक दगडी खोली. दारू पिऊन धिंगाणा घालणाऱ्याला रात्रभर तिथे कोंडत.

जेवायला जॉर्ज इनमध्ये जा, जेवलात नाही तरी शेकोटी बघायला जा. तिच्या बाजूला भिंतीवर एक लाकडी चाक आहे, पिंजऱ्यासारखं. त्यात एक छोटा कुत्रा पळत राहायचा आणि त्याच्या पळण्याने जाळावरचं मांस भाजायची सळई फिरायची. आत्याने ते चाक बघितलं आणि बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "आपल्या तेलाच्या घाण्याला निदान बैल तरी असायचा."

दुसऱ्या दिवशी मठ. सॅलिस्बरीची काउंटेस एला हिने १२३२ च्या सुमारास तो जोगिणींसाठी स्थापला. १५३९ मध्ये आठव्या हेन्रीच्या कारकिर्दीत मठ मोडला गेला, आणि विल्यम शॅरिंग्टन नावाच्या दरबारी माणसाने तो विकत घेऊन राहता वाडा केला. त्याने चर्च पाडलं पण मधल्या चौकाभोवतीच्या कमानी ठेवल्या, म्हणून त्या आजही चालत बघता येतात. पुढे हे घर टॅलबट घराण्याकडे आलं. आख्खं गाव त्यांच्याच मालकीचं, त्यामुळे कोणी उठून मजला चढवला असं झालं नाही. १९४४ मध्ये मॅटिल्डा टॅलबट यांनी मठ आणि गाव दोन्ही नॅशनल ट्रस्ट या जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेला देऊन टाकलं. आज घरांमध्ये भाडेकरू राहतात. हे गाव संग्रहालय नाही, खिडकीतून आत डोकावू नका.

मठाच्या वरच्या मजल्यावर दक्षिणेकडच्या दालनात एक छोटी जाळीदार खिडकी आहे. लोक ती ओलांडून पुढे जातात, तुम्ही थांबा. ऑगस्ट १८३५ मध्ये विल्यम हेन्री फॉक्स टॅलबट यांनी या खिडकीचं चित्र रसायन लावलेल्या कागदावर उमटवलं. आज टिकून असलेल्या कॅमेऱ्याच्या निगेटिव्हपैकी हे सर्वात जुनं. आकार साधारण टपाल तिकिटाएवढा. त्यांनी शेजारी लिहून ठेवलंय की पहिल्यांदा उमटलं तेव्हा भिंगातून काचेचे सुमारे दोनशे चौकोन मोजता येत होते. त्यासाठी बनवलेल्या छोट्या लाकडी पेट्या ते घरात इथे-तिथे ठेवत आणि त्यांची बायको कॉन्स्टन्स त्यांना उंदराचे सापळे म्हणे. खाली फाटकापाशी त्यांचं संग्रहालय आहे. तिकीट मठाचंच चालतं. नॅशनल ट्रस्टच्या तीन-चार जागा बघणार असाल तर परदेशी पाहुण्यांसाठी त्यांचा ७ किंवा १४ दिवसांचा टूरिंग पास असतो. हिशोब करून बघा.

दुपारी कासल कूमला जाता येतं, चिपनमहून नऊ-दहा किलोमीटर. बस अगदी कमी, टॅक्सी बरी. गाडी वरच्या वाहनतळावर ठेवून उताराने खाली चालत जायचं: बाजाराचा दगडी मंडप, विणकरांची घरं, खाली बायब्रुक ओढा आणि त्यावरचा पूल. चर्चमध्ये तबकडी नसलेलं जुनं घड्याळ आहे, वेळ फक्त टोल्यांनी सांगणारं. तासाभरात बघून होतं. एक गोष्ट कोणी सांगत नाही: गावाच्या डोक्यावर जुन्या विमानतळाच्या जागी मोटार शर्यतीचं मैदान आहे. शर्यतीच्या दिवशी चौदाव्या शतकात उभं राहून तुम्हाला इंजिनांचा आवाज ऐकावा लागतो. मैदानाचं वेळापत्रक आधी बघा.

आणि बायबरी? जा, पण सकाळी आठला. आत्याने फोटो काढला ती अर्लिंग्टन रोची घरं मुळात १३८० च्या सुमारास मठाची लोकर साठवायला बांधलेली इमारत होती. सतराव्या शतकात तिची विणकरांसाठी खोपटी केली. समोरच्या दलदलीच्या तुकड्याला रॅक आयल म्हणतात, कारण धुतलेलं कापड तिथे लाकडी चौकटींवर वाळत घालत. एवढं माहीत असलं की फोटोतली घरं एकदम कारखान्यासारखी दिसायला लागतात. बस भरून माणसं यायच्या आत निघा.

गाडी असेल आणि लंडनकडे परतत असाल तर वाट थोडी वाकडी करून ऑक्सफर्डशरमधलं स्टोक रो गाठा. सुंदर गावांच्या यादीत ते नसतं. तिथे रस्त्याकडेला घुमटाखाली एक विहीर आहे, ३६८ फूट खोल, हाताने खणलेली, वर लोखंडी हत्ती. पैसे दिले काशीच्या महाराजांनी. एडवर्ड रीड नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने त्यांना आपल्या गावाकडची पाणीटंचाई सांगितली होती: घरातलं शेवटचं पाणी प्यायला म्हणून मार खाणाऱ्या पोराची गोष्ट. महाराजांना ती लागली आणि १८६४ मध्ये विहीर गावाला मिळाली. मराठवाड्यातला माणूस इथे आणा आणि त्याला ती खोली सांगा. तो वाकून बघितल्याशिवाय राहत नाही.

पायरी ६: लॅवनम, दोन रात्री

लिव्हरपूल स्ट्रीटहून मार्क्स टे, तिथे गाडी बदलून सडबरी, तिथून बस. अंतर मोठं नाही, पण तीनही जोडण्या जुळायला हव्यात, म्हणून उलटीकडून आखा: आधी सडबरीच्या बसची वेळ बघा, मग त्याप्रमाणे रेल्वे.

१५२४ च्या करवसुलीत लॅवनम इंग्लंडमधल्या श्रीमंत गावांत चौदावं होतं. यॉर्क आणि लिंकनपेक्षा जास्त कर भरत होतं. पैसा आला तो निळ्या लोकरी कापडातून. कापड वोड नावाच्या पाल्याने रंगवत. पुढे आपल्याकडच्या निळीने त्या वोडला सगळीकडूनच हुसकावलं. पण लॅवनमचा धंदा त्याआधीच बसायला लागला होता. नेदरलँड्सकडून आलेले विणकर कोलचेस्टरला हलकं आणि स्वस्त कापड विणू लागले आणि इथलं जाड निळं कापड पडून राहिलं. घरं पाडून नवी बांधायला कोणाकडे पैसे नव्हते. म्हणून ती आहेत.

ती वाकडी का, हे पहिल्या दिवशी प्रत्येक जण विचारतो. ओक ताजा कापून, ओला असतानाच जोडत. तो जागेवर वाळला आणि वाळताना पिळला. वाकडी झाली पण पडली नाहीत, कारण सांधे खिळ्यांचे नाहीत, लाकडी खुंट्यांचे आहेत. बघताना आणखी एक गंमत करा: दर्शनी भिंतीतल्या उभ्या वाशांमधलं अंतर बघा. जितके वासे जवळजवळ, तितका मालक पैसेवाला. इमारत टिकायला एवढ्या लाकडाची गरज नव्हती. ते शेजाऱ्याला दाखवायला होतं.

क्रम असा ठेवा. सकाळी नऊच्या आत चौकातून फिरा, तिथे चुन्याने पांढरट झालेला गिल्डहॉल उभा आहे, १५३० च्या आसपासचा. धार्मिक मंडळाची बैठकीची जागा म्हणून बांधला, पुढे तुरुंग झाला, मग गरिबांना कामाला लावण्याचं घर. आतलं संग्रहालय छोटं आणि नीट मांडलेलं आहे. मग चढाने चर्चकडे. मनोरा १४१ फूट, एवढ्याशा गावाला अवाढव्य. डी व्हेअर हे सरदार घराणं आणि स्प्रिंग हे कापडवाले, दोघांनी त्यासाठी पैसा ओतला, आणि दोघांच्याही खुणा दगडात कोरून ठेवलेल्या सापडतात. संध्याकाळी स्वान हॉटेलच्या बारमध्ये डोकवा. दुसऱ्या महायुद्धात जवळच्या धावपट्टीवर असलेल्या अमेरिकन वैमानिकांनी केलेल्या सह्या भिंतीवर जपून ठेवल्यात.

वाहन असेल तर जवळच्या कर्झीला जाऊन या. मुख्य रस्ता सरळ ओढ्यातून जातो आणि मोटारी बदकांना आधी जाऊ देतात.

पायरी ७: ईम, थोडं जड मन करून

ईम दिसायला या सगळ्यांपेक्षा साधं. करड्या दगडाचं, खाणकामगारांच्या भागातलं. शेफील्डहून बसने जाता येतं. रेल्वेने ग्रिंडलफर्डला उतरलात तर पुढे चार-पाच किलोमीटर चढ आहे.

१६६५ मध्ये लंडनहून इथल्या शिंप्याकडे कापडाचा गठ्ठा आला. तो दमट होता म्हणून जॉर्ज व्हिकर्स नावाच्या कारागिराने शेकोटीपुढे वाळत घातला. त्यात पिसवा होत्या. ७ सप्टेंबरला व्हिकर्स गेला. पुढच्या उन्हाळ्यात प्लेगची साथ पुन्हा भडकली तेव्हा धर्मगुरू विल्यम माँपेसन आणि त्याच्या आधीचा, पदावरून काढलेला थॉमस स्टॅन्ली यांनी, एरवी एकमेकांशी न पटणाऱ्या दोघांनी, गावाला समजावलं: कोणी बाहेर जायचं नाही. सुमारे २६० माणसं मेली.

प्लेग म्हटलं की आपल्याला १८९७ चं पुणं आठवतं. सावित्रीबाई फुले त्या वर्षी १० मार्चला प्लेगच्या रोग्यांची सेवा करतानाच गेल्या. आपल्याकडे उंदीर पडायला लागले की लोक घराला कुलूप लावून माळावर खोपटी बांधून राहत. अनेक घरांत पणजीच्या तोंडून ते ऐकलेलं असतं. ईमच्या लोकांनी उलटं केलं, आतच राहिले. त्याने जास्त माणसं मेली का, यावर अभ्यासकांचं एकमत नाही, आणि या गोष्टीला नंतरच्या काळात बराच मुलामाही चढला. तिथे उभं राहिल्यावर हे दोन्ही लक्षात असलेलं बरं.

फिरण्याचा क्रम: चर्चच्या शेजारच्या घरांसमोर हिरव्या पाट्या आहेत, कोणत्या घरातलं कोण गेलं ते लिहिलेल्या. चर्चच्या आवारात माँपेसनची बायको कॅथरीनची कबर. मग गावातून स्टोनी मिडल्टनच्या दिशेने पायवाटेने हद्दीच्या दगडापर्यंत जा, अर्धा तास. दगडावर सहा भोकं आहेत. त्यांत व्हिनेगर ओतून गावकरी पैशाची नाणी टाकत आणि बाहेरचे लोक धान्य ठेवून ती घेऊन जात. बोट घालून बघा. कडा गुळगुळीत झालीय. परतताना रायली कबरी: शेतात गोल कुंपणात काही दगड. ऑगस्ट १६६६ मध्ये आठ दिवसांत एलिझाबेथ हॅनकॉकने नवरा आणि सहा मुलं स्वतःच्या हाताने इथे पुरली.

या दिवशी दुसरं काही ठरवू नका.

आणखी दोन, थोडक्यात

डेव्हनमधलं क्लव्हेली खासगी मालकीचं, गावात शिरायला तिकीट लागतं. रस्ता गोट्यांचा, समुद्रापर्यंत सुमारे ४०० फूट खाली, मोटारींना बंदी. किराणासुद्धा घसरगाडीवरून ओढत नेतात. गुडघे दुखणाऱ्यांनी नीट विचार करा. वर यायला पैसे देऊन गाडी मिळते, पण ती सदा चालू नसते. डॉर्सेटमधलं टाइनम तर रिकामंच आहे: डिसेंबर १९४३ मध्ये लष्कराने सरावासाठी घेतलं आणि लोकांना परत कधीच येऊ दिलं नाही. शाळा आणि चर्च जपलंय, घरांच्या नुसत्या भिंती. भोवती अजून गोळीबाराचं मैदान आहे, त्यामुळे ते बहुतेक शनिवार-रविवारी आणि काही सुट्यांतच उघडतं. तारखा बघितल्याशिवाय निघू नका.

पायरी ८: खाणं

पबमध्ये बसून वाट बघत राहिलात तर कोणी येणार नाही. टेबलाचा नंबर लक्षात ठेवा, काउंटरवर जाऊन सांगा, तिथेच पैसे द्या. स्वयंपाकघर साधारण बारा ते अडीच आणि सहा ते नऊ. साडेतीनला भूक लागली तर वेफर्स. म्हणून दुपारचं जेवण दीडच्या आत उरका.

शाकाहारी पदार्थापुढे व्ही असतो, तरी तीन गोष्टी विचारा. उत्तरेकडे चिप्स कधी कधी गाईच्या चरबीत तळतात. पुष्कळ पुडिंगांत जिलेटिन किंवा सूएट ही चरबी असते. काही चीज वासराच्या पोटातलं रेनेट घालून बनवतात. विचारण्यात कोणाला राग येत नाही. दुपारी चहाबरोबर स्कोन, घट्ट साय आणि जॅम मागवा. डेव्हनमध्ये साय आधी आणि कॉर्नवॉलमध्ये जॅम आधी. या भांडणात आपण पडू नये, फक्त ते दोन्ही भरपूर आहे का ते बघावं.

पायरी ९: शेतातून चालताना

इथे खासगी शेतातून सार्वजनिक पायवाट जाते आणि तिथून चालण्याचा तुम्हाला हक्क असतो. खांबावर पिवळा बाण म्हणजे फक्त पायी, निळा म्हणजे घोडा आणि सायकलही. ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशा संस्थेचा नारिंगी कव्हरचा एक्सप्लोरर नकाशा घ्या. त्यात शेताची कुंपणंसुद्धा असतात. मोबाइलची रेंज दऱ्यांत जाते, तेव्हा फोनवरचा नकाशा आधीच उतरवून ठेवा.

फाटक जसं सापडलं तसं ठेवा. बंद होतं तर बंद, उघडं होतं तर उघडं. वासरं सोबत असलेल्या गाईंच्या कळपातून जाऊ नका. लांबून वळसा घ्या. आपल्याकडची गाय ओळखीची असते, इथली नसते. पाऊस कुठल्याही महिन्यात येतो, त्यामुळे छत्रीपेक्षा टोपी असलेला रेनकोट बरा, आणि चिखलात धरून राहतील असे बूट.

निघण्याच्या आदल्या रात्री

बसची पहिली आणि शेवटची वेळ कागदावर लिहा. टॅक्सीवाल्याचा नंबर बी अँड बीच्या मालकिणीकडून घ्या. मठ, गिल्डहॉल किंवा संग्रहालय त्या वारी उघडं आहे का ते त्यांच्या वेबसाइटवर बघा. काही छोटी ठिकाणं सोमवारी बंद असतात. थोडी नाणी ठेवा: काही वाहनतळांची यंत्रं ॲपच मागतात, पण चर्चच्या दानपेटीला सुटे पैसे लागतात आणि दाराशी ठेवलेल्या अंड्यांच्या टोपलीलाही. ती अंडी ताजी असतात. डब्यात पैसे टाकायचे आणि घ्यायची, आसपास कोणी नसतं.